श्रोणीच्या अरुंद पोकळीत : मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेतील रोबोट

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ते सुरू होते, वर यकृताखाली जाते, तिथून आडवे डावीकडे प्लीहेपर्यंत पोचते, पुन्हा खाली उतरते आणि शेवटी कमरेच्या हाडांच्या पोकळीत शिरते. या पोकळीला श्रोणी म्हणतात आणि तिच्यातल्या आतड्याच्या शेवटच्या १२ ते १५ सेंटिमीटर भागाला मलाशय. शल्यचिकित्सेच्या दृष्टीने मलाशय आणि त्याआधीचे आतडे यांत फार फरक आहे. वरचे आतडे पोटाच्या ऐसपैस जागेत असते, बरेचसे हलवता येते आणि बाहेरही काढता येते. मलाशय मात्र हाडांच्या कोंडीत बसलेले असते. मागे त्रिकास्थी, पुढे पुरुषांमध्ये मूत्राशय, वीर्यकोश आणि प्रोस्टेट, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि योनिमार्ग, दोन्ही बाजूंना चेतातंतूंची जाळी, खाली मलविसर्जनावर ताबा ठेवणारे स्नायू. या विद्याशाखेत रोबोट आला तो मुख्यतः या शेवटच्या पंधरा सेंटिमीटरांसाठी, आणि त्याचे मोलही तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

मोठ्या आतड्याचा आणि मलाशयाचा कर्करोग हा जगात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तिसऱ्या क्रमांकावर आणि मृत्यूंच्या संख्येत दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. युरोप-अमेरिकेच्या तुलनेत भारतात हे प्रमाण बरेच कमी आहे. पण इथल्या रुग्णांमध्ये तरुणांचा वाटा मोठा आहे आणि रोग उशिरा लक्षात येतो. शौचावाटे रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्महिने घरगुती उपाय चालतात, ही त्यामागची एक मोठी आणि टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या मलाशयात गाठ निघते तेव्हा जीव वाचवण्याइतकाच पुढच्या आयुष्याचाही प्रश्न असतो. कायमची पिशवी लागेल का, लघवीवर ताबा राहील का, लैंगिक जीवनाचे काय, मूल होईल का, हे सगळे त्या शस्त्रक्रियेवर अवलंबून असते.

मलाशयाच्या कर्करोगाची पहिली पद्धतशीर शस्त्रक्रिया लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये मांडली. पोटातून आणि गुदद्वाराकडून अशा दोन्ही बाजूंनी जाऊन मलाशय, गुदद्वार आणि आजूबाजूचे ऊतक काढून टाकायचे आणि पोटावर कायमचा मलमार्ग करायचा, अशी ती रीत होती. त्यामुळे रोगी वाचू लागले, पण पुढची अनेक दशके रोग त्याच जागी परत उगवण्याचे प्रमाण मोठे राहिले. कित्येक ठिकाणी दर चार-पाच रुग्णांमागे एकाला हा त्रास होत असे. याचे कारण शोधले ते इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावातील सर्जन बिल हील्ड यांनी. मलाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. मलाशयाच्या रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी या वेष्टनात असतात, म्हणून कर्करोगाच्या पेशी पहिल्यांदा तिथेच पसरतात. वेष्टनावर एक पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडले की बोटांनी चाचपडत मलाशय ओढून काढले की हे वेष्टन फाटते आणि त्याचे तुकडे रोगासकट आत राहतात. त्याऐवजी पापुद्रा आणि श्रोणीची भिंत यांच्यामधल्या रक्तहीन पदरातून, डोळ्यांना दिसेल असे कापत गेले तर संपूर्ण वेष्टन अखंड बाहेर येते. या पद्धतीला टोटल मेसोरेक्टल एक्सिजन, म्हणजे मेसोरेक्टम समूळ काढणे, असे म्हणतात. तिच्यामुळे स्थानिक पुनरुद्भवाचे प्रमाण इतके खाली आले की आज ती जगभर मानक मानली जाते.

लीड्सचे विकृतिशास्त्रज्ञ फिलिप क्वर्क यांनी १९८६ मध्ये या विचाराला सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा दिला. काढलेल्या भागाच्या बाजूच्या कडेपासून कर्करोग एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर असेल तर तो परत येण्याचा धोका खूप वाढतो. मलाशयाच्या शस्त्रक्रियेचे यश असे मिलिमीटरात मोजले जाते. कड चुकून आतल्या बाजूला गेली तर रोग मागे राहतो. बाहेरच्या बाजूला गेली तर श्रोणीच्या भिंतीवरून जाणारे चेतातंतू तुटतात. हेच तंतू मूत्राशय रिकामे करण्याची, पुरुषांमध्ये ताठरतेची आणि वीर्यस्खलनाची, स्त्रियांमध्ये योनीच्या ओलाव्याची क्रिया सांभाळतात. मागे त्रिकास्थीवरच्या शिरांना धक्का लागला तर रक्तस्राव आवरणे अत्यंत कठीण जाते. नेमका पदर सापडणे आणि शेवटपर्यंत तो न सुटणे, हीच या शस्त्रक्रियेची खरी विद्या आहे. पुढे आलेले प्रत्येक तंत्र या एका कसोटीवर तपासायला हवे.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया मोठ्या आतड्यासाठी वापरात आली ती १९९० च्या सुमारास. मायामीमधील मोइझेस जेकब्स हे तिच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करायची, बोटभर छेदांतून कॅमेरा आणि लांब हत्यारे आत घालायची, पडद्यावर पाहून काम करायचे. वरच्या आतड्यासाठी हे तंत्र लवकरच सिद्ध झाले. वेदना कमी, जखमेचा त्रास कमी, रुग्ण लवकर घरी, आणि कर्करोगाच्या निकालात फरक नाही, असे २००४ नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले. मलाशयापाशी मात्र गाडी अडली. दुर्बिणीची हत्यारे सरळ आणि ताठ असतात, त्यांना मनगट नसते. पोटाच्या भिंतीतल्या छेदाभोवती ती होडीच्या वल्ह्यासारखी फिरतात : हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. कॅमेरा सहायकाच्या हातात असतो. तो दमला की चित्र हलते. वरच्या पोटात हे सारे निभावते. खोल श्रोणीत, विशेषतः स्थूल पुरुषाच्या अरुंद श्रोणीत, गाठ खाली असेल तर ही हत्यारे एकमेकांवर आपटतात आणि ज्या कोनातून कापायचे त्या कोनात पोचतच नाहीत. ब्रिटनमधील क्लासिक या चाचणीत दुर्बिणीने सुरू केलेल्या मलाशयाच्या शस्त्रक्रियांपैकी ३४ टक्क्यांमध्ये मध्येच पोट उघडावे लागले. तो या तंत्राचा सुरुवातीचा काळ होता, हे खरे. पण २०१५ मध्ये अमेरिकेतील तसेच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील दोन चाचण्यांनाही, काढलेल्या भागाच्या दर्जाबाबत दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा उणी नाही, हे ठामपणे दाखवता आले नाही. मलाशयासाठी रोबोटकडे लक्ष वळण्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

शस्त्रक्रियेतला पहिला रोबोट पोटासाठी नव्हता. १९८५ मध्ये प्युमा ५६० या औद्योगिक यंत्रबाहूने मेंदूतील गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढताना सुई धरली होती. १९९४ मध्ये कॅमेरा धरणारा एसॉप हा बाहू अमेरिकेत मान्य झाला. त्याच सुमारास युद्धभूमीवरील जखमी सैनिकांवर दुरून शस्त्रक्रिया करता येईल का, यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर संशोधन चालू होते. त्या संशोधनातून १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात इंट्युइटिव्ह सर्जिकल ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या दा विंची या यंत्रणेला जुलै २००० मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. सैनिकांसाठीचे स्वप्न मागे पडले. यंत्र शहरी रुग्णालयांत स्थिरावले. मोठ्या आतड्यावरील पहिल्या रोबोटिक शस्त्रक्रिया २००१ मध्ये झाल्या, आणि त्याही साध्या आजारांसाठी. मलाशयाच्या कर्करोगासाठी मेसोरेक्टम समूळ काढण्याची शस्त्रक्रिया रोबोटने करता येते, असे अनुभव २००६ च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागले. पुढे २००९ आणि २०१४ मध्ये यंत्राच्या नव्या आवृत्त्या आल्या. जुन्या यंत्रात पोटाच्या वरच्या भागातले काम संपवून श्रोणीत उतरायचे तर सगळे बाहू सोडवून पुन्हा जोडावे लागत. २०१४ च्या आवृत्तीत बाहू वरच्या फिरत्या तुळईला लटकवले असल्याने ही अडचण बरीच दूर झाली. आतड्याच्या सर्जनांना हा बदल फार मोलाचा वाटला, कारण त्यांचे काम एकाच बैठकीत प्लीहेपासून गुदद्वारापर्यंत चालते.

‘रोबोट’ हा शब्द इथे दिशाभूल करू शकतो. हे यंत्र स्वतः काही ठरवत नाही, स्वतः काही कापत नाही. त्याचे तीन भाग असतात. शस्त्रक्रियागृहाच्या एका कोपऱ्यात कन्सोल असतो. सर्जन तिथे बसतात, दोन्ही डोळे भिंगांना लावतात, बोटे दोन मुठींत अडकवतात, आणि कॅमेरा व विद्युत-उष्णतेची हत्यारे पायाखालच्या पट्ट्यांनी चालवतात. रुग्णाच्या शेजारी बाहूंची गाडी असते. सहसा चार बाहू, एकावर कॅमेरा आणि तिघांवर हत्यारे. तिसरा भाग म्हणजे चित्र आणि प्रकाश सांभाळणारा मनोरा. सर्जनच्या बोटांची हालचाल संगणक टिपतो आणि ती तशीच हत्यारांच्या टोकांकडे पोचवतो. या हत्यारांना टोकाशी मनगट असते, त्यामुळे ती सात प्रकारे हलू शकतात आणि मानवी हाताला जमतात ते जवळजवळ सगळे कोन साधतात. हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो. हालचालीचे प्रमाण बदलता येते, म्हणजे बोट तीन सेंटिमीटर हलले तर टोक एकच सेंटिमीटर हलेल अशी सोय असते. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे मिळत असल्याने खोली कळते, आणि चित्र दहापट मोठे दिसते. कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात असतो. तिसरा हत्यारबाहू तासन् तास न थकता, न हलता मलाशय एका बाजूला धरून ठेवतो. यातली एकेक सोय किरकोळ वाटेल, पण खोल श्रोणीत काम करणारे सर्जन स्थिर चित्र आणि स्थिर ताण यांनाच सर्वाधिक महत्त्व देतात. पदर उलगडतो तो ताणामुळे. ताण सुटला की पदर मिटतो आणि कात्री भलत्या थरात जाते.

शस्त्रक्रियेची तयारी बरीच आधी सुरू होते. एमआरआय तपासणीत गाठ किती खोल गेली आहे, मेसोरेक्टमच्या पापुद्र्यापासून ती किती दूर आहे हे पाहतात. पापुद्र्याजवळ असेल तर आधी किरणोत्सार आणि रसायनोपचार देऊन ती आकसवतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचे पाय आधारांवर ठेवून टेबल डोक्याकडे उतरते आणि उजवीकडे कलते करतात, म्हणजे लहान आतडे श्रोणीतून बाजूला सरकते. पोटात वायू भरतात. साधारण आठ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या पोटावर तिरक्या रेषेत बसवतात आणि बाहू त्यांना जोडतात. यानंतर सर्जन हात धुण्याच्या जागेपासून दूर, कन्सोलवर जाऊन बसतात. पण निर्जंतुक झगा घातलेला एक अनुभवी सहायक आणि परिचारिका रुग्णापाशीच उभे असतात. हत्यारे बदलणे, रक्त शोषून घेणे, आणि वेळ आली तर बाहू झटकन सोडवणे हे त्यांचे काम असते. संपूर्ण शस्त्रक्रियेची सुरक्षितता या माणसांवर किती अवलंबून असते, हे जाहिरातींमध्ये कधी दिसत नाही.

पहिला टप्पा पोटातला. महाधमनीपासून डाव्या आतड्याला रक्त देणारी धमनी जिथे निघते तिथे ती चिमट्याने बंद करून कापतात. त्याच ठिकाणी खाली उतरणारे चेतातंतू अगदी जवळ असतात. ते मागे ढकलून जपावे लागतात. डावी मूत्रवाहिनी ओळखून बाजूला ठेवतात. मग डावे आतडे प्लीहेजवळच्या वळणापर्यंत मोकळे करतात, म्हणजे पुढे जोड घालताना ते ताण न येता खाली पोचते. त्यानंतर श्रोणीत प्रवेश. काम पाठीमागून सुरू होते, कारण तिथे पदर सर्वांत स्पष्ट असतो. त्रिकास्थीच्या वळणाला धरून खाली जायचे, मग दोन्ही बाजू, शेवटी पुढचा भाग. पुरुषांमध्ये वीर्यकोश आणि प्रोस्टेट यांच्यामागे एक पातळ पडदा असतो, त्याच्या लगतचे काम सर्वांत नाजूक. ताठ हत्याराला त्रिकास्थीचा बाक नडतो, मनगट असलेले हत्यार त्या बाकाबरोबर वळते. दुर्बीण आणि रोबोट यांतला फरक सर्वांत जास्त जाणवतो तो या ठिकाणी. श्रोणीच्या तळाच्या स्नायूंपाशी पोचल्यावर गाठीच्या खाली पुरेसे निरोगी आतडे ठेवून मलाशय स्टेपलरने बंद करून कापतात आणि ओटीपोटावरच्या छोट्या छेदातून बाहेर काढतात.

उरलेल्या दोन टोकांचा जोड गुदद्वारातून घातलेल्या गोल स्टेपलरने होतो. हा जोड गळणे ही मलाशयाच्या शस्त्रक्रियेतली सर्वांत भीतीदायक गुंतागुंत. त्याचे एक कारण म्हणजे टोकाला रक्त पुरेसे न पोचणे. ते तपासण्यासाठी इंडोसायनिन ग्रीन नावाचे रंगद्रव्य शिरेतून देतात. अवरक्त प्रकाशात ते चमकते आणि रक्त पोचलेला भाग पडद्यावर हिरवा दिसतो. ही सोय आता रोबोटच्या कॅमेऱ्यातच असते, दुर्बिणीच्या नव्या कॅमेऱ्यांतही असते. जोड फार खाली असेल किंवा आधी किरणोत्सार दिला असेल तर लहान आतड्याचे तोंड काही आठवड्यांसाठी पोटावर काढून ठेवतात आणि जोड भरल्यावर परत बंद करतात. ही तात्पुरती पिशवी रोबोटमुळे टळत नाही. काढलेला भाग विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. वेष्टन अखंड आहे का, बाजूची कड मोकळी आहे का आणि लसिकाग्रंथी किमान बारा तरी सापडल्या का, हे तिथे ठरते.

उजव्या बाजूच्या आतड्यासाठीही रोबोट वापरतात. तिथे त्याचा मुख्य उपयोग पोटाच्या आतच टाके घालून जोड करण्यासाठी होतो. बाहेर ओढून जोड करायचा तर छेद पोटाच्या मध्यावर घ्यावा लागतो आणि तिथे पुढे हर्निया होण्याची शक्यता अधिक असते. आत जोड झाला तर काढलेला भाग ओटीपोटावरच्या आडव्या छेदातून काढता येतो. मलाशय खाली घसरून बाहेर येण्याच्या विकारात श्रोणीच्या खोलीत जाळी शिवावी लागते, तिथेही मनगटाची हत्यारे सोयीची ठरतात. जपानमध्ये खालच्या मलाशयाच्या कर्करोगात श्रोणीच्या बाजूच्या भिंतीवरील ग्रंथी काढण्याची परंपरा आहे. मोठ्या रक्तवाहिन्या आणि चेतातंतू यांच्या दाटीतले ते काम आहे आणि त्यासाठी तिथे रोबोट मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. जपानच्या सार्वजनिक विम्याने मलाशयाची रोबोटिक शस्त्रक्रिया २०१८ मध्ये आणि वरच्या आतड्याची २०२२ मध्ये स्वीकारली. हा क्रमही बोलका आहे.

रोबोटमुळे रुग्णाचे खरोखर भले होते का, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पंधरा वर्षांत सर्जनांच्या अनुभवांवरच अवलंबून होते. पहिली मोठी तुलनात्मक चाचणी लीड्सच्या पुढाकाराने झाली. रोलार नावाच्या या चाचणीत १० देशांतील २९ केंद्रांवर ४७१ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले गेले. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटिक गटात ८.१ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. कडा मोकळ्या असणे, गुंतागुंत, सहा महिन्यांनंतरची लघवीची आणि लैंगिक स्थिती, यांतही ठळक फरक दिसला नाही. वेळ मात्र जास्त लागला आणि यंत्राची किंमत न धरताही प्रत्येक रुग्णामागे सुमारे ९८० पौंड जास्त खर्च झाला. या निकालाने रोबोटच्या समर्थकांना धक्का बसला, आणि तो आवश्यक होता. पण त्याला दुसरी बाजूही आहे. सहभागी सर्जन दुर्बिणीत मुरलेले होते. रोबोटचा त्यांचा अनुभव तुलनेने कमी होता. पुरुष रुग्णांपुरते पाहिले तर पोट उघडण्याचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ८.७ टक्क्यांवर आलेले दिसले. अरुंद श्रोणीबद्दलच्या तर्काशी हे जुळते, जरी अशा उपगटांवरून पक्का निष्कर्ष काढता येत नाही.

पक्क्या निष्कर्षाच्या जवळ नेणारी चाचणी चीनमध्ये झाली. ११ रुग्णालयांतल्या रिअल या चाचणीत मधल्या आणि खालच्या मलाशयाच्या कर्करोगाचे १२४० रुग्ण २०१६ ते २०२० या काळात घेतले गेले. कड बाधित असण्याचे प्रमाण रोबोटिक गटात ४ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ७.२ टक्के निघाले. मध्यम ते गंभीर गुंतागुंत १६.२ विरुद्ध २३.१ टक्के. गुदद्वारासकट सर्व काढून कायमची पिशवी द्यावी लागणारी शस्त्रक्रिया १६.९ विरुद्ध २२.७ टक्के. २०२५ मध्ये तीन वर्षांचे निकाल आले : रोग त्याच भागात परत येण्याचे प्रमाण १.६ टक्के आणि ४ टक्के, रोगमुक्त राहणारे ८७.२ टक्के आणि ८३.४ टक्के. एकूण जगण्याच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता. रोबोटच्या बाजूचा हा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणायला हवा. तरी तो मोठ्या केंद्रांतील, भरपूर सराव असलेल्या सर्जनांच्या हातचा आहे, हे विसरून चालणार नाही. वर्षाला दहा-बारा मलाशये काढणाऱ्या रुग्णालयाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. वरच्या आतड्याच्या बाबतीत तर चांगल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपुढे रोबोटचा फायदा इतका मोठा दिसलेला नाही की त्यासाठी रुग्णाने कर्ज काढावे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. बहुतेक यंत्रांत स्पर्श नाही. आतड्याला किती जोराने धरले आहे हे बोटांना कळत नाही, ते ऊतक किती ताणले आणि किती पांढरे पडले यावरून डोळ्यांनी ओळखावे लागते. नवख्या हातात आतडे फाटण्याचा, किंवा चित्राबाहेर गेलेल्या हत्याराने इजा होण्याचा धोका त्यामुळे असतो. दा विंचीच्या २०२४ च्या आवृत्तीत जोराची जाणीव परत देण्याची सोय आली आहे, तिचा रुग्णांना किती लाभ होतो हे अजून सिद्ध व्हायचे आहे. डोके खाली असलेल्या स्थितीत लांब वेळ भूल दिल्याने फुप्फुसांवर आणि डोळ्यांतील दाबावर परिणाम होतो, म्हणून हृदय-फुप्फुसांचे आजार असलेल्यांसाठी भूलतज्ज्ञांचा निर्णय महत्त्वाचा. यंत्र बंद पडण्याची घटना क्वचित घडते. तेव्हा बाहू सोडवून दुर्बिणीने किंवा पोट उघडून काम पुरे करता आलेच पाहिजे. कमी छेदांची शस्त्रक्रिया प्रत्येक कर्करोगात आपोआप चांगली ठरत नाही, याचा कडू धडाही वैद्यकाने घेतला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवले की दुर्बीण किंवा रोबोट वापरलेल्या स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी होते. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कर्करोगासाठी रोबोट वापरण्याबाबत सावधगिरीची सूचना काढली. मलाशयातही प्रत्येक दाव्यासाठी वेगळा पुरावा मागायचा, तो याच कारणाने.

हे कौशल्य यायला वेळ लागतो. मलाशयाच्या रोबोटिक शस्त्रक्रियेत हात बसायला साधारण तीस-चाळीस शस्त्रक्रिया लागतात, असे अनेक अभ्यासांत दिसते. आधी आभासी यंत्रावर सराव, मग दोन कन्सोल जोडून गुरूच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेचा एकेक टप्पा, असा मार्ग असतो. दुसऱ्या कन्सोलवरून शिकवणारा क्षणात ताबा घेऊ शकतो, ही शिक्षणाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. सर्जनच्या स्वतःच्या शरीराचाही विचार करायला हवा. दुर्बिणीसमोर तासन् तास वाकड्या मानेने उभे राहून मान, खांदे, पाठ यांची दुखणी जडलेले सर्जन पुष्कळ आहेत. बसून काम केल्याने हातांचा थकवा कमी होतो, आणि चौथ्या तासाला न थकलेला हात रुग्णाच्याही हिताचा असतो.

अंतरावरून शस्त्रक्रियेची कल्पना यंत्राच्या जन्मापासून सोबत आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय काढले. आतड्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम कॅनडात झाले. हॅमिल्टनचे मेहरान अन्वारी यांनी २००३ पासून सुमारे ४०० किलोमीटर दूरच्या नॉर्थ बे या छोट्या शहरातील रुग्णांवर दूरस्थ शस्त्रक्रिया केल्या, त्यांत मोठ्या आतड्याचे भाग काढण्याच्या शस्त्रक्रियाही होत्या. हात हलल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत सेकंदाच्या सातव्या हिश्शाएवढा उशीर होई आणि तो सांभाळून काम करता येई. पूर्ण स्वायत्त यंत्र मात्र अजून प्रयोगशाळेत आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या स्टार या रोबोटने आतड्याची दोन टोके जवळपास स्वतःहून शिवल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. ते प्रयोग डुकरांवरचे होते.

भारतात या क्षेत्राचा पुण्या-मुंबईशी जवळचा संबंध आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मलाशयाच्या कर्करोगासाठी रोबोटचा नियमित वापर होतो. तिथल्या विभागाने तरुण आणि पुढच्या टप्प्यातील रुग्णांवरील शस्त्रक्रियांचे अनुभव सातत्याने प्रसिद्ध केले आहेत. केंब्रिजच्या कंपनीने बनवलेली व्हर्सियस ही सुट्या, हलवता येणाऱ्या बाहूंची यंत्रणा माणसांवर पहिल्यांदा वापरली गेली ती २०१९ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातील चाचणीत. पुढे पुण्यातच गॅलेक्सी केअरमध्ये याच यंत्रणेने आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया झाल्या. हरियाणातील गुरुग्राम येथे तयार झालेला एसएसआय मंत्रा हा भारतीय रोबोट २०२२ पासून वापरात आहे आणि त्याची किंमत परदेशी यंत्रांपेक्षा बरीच कमी आहे. अनेक वर्षे एकाच कंपनीची मक्तेदारी असल्याने यंत्राची कोट्यवधींची किंमत, वार्षिक देखभाल आणि ठराविक वापरांनंतर बाद होणारी हत्यारे यांचा सगळा भार रुग्णाच्या बिलावर येत होता. स्पर्धा आली तशी हा भार कमी होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

विम्याचा प्रश्न अनेक कुटुंबांना शस्त्रक्रियेच्या तोंडावर कळतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोबोटिक शस्त्रक्रियेला आरोग्य पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. मात्र विमा कंपनी तिच्यासाठी वेगळी मर्यादा ठेवू शकते, आणि मर्यादेवरची रक्कम रुग्णाला भरावी लागते. म्हणून दाखल होण्यापूर्वीच पॉलिसीतली ही मर्यादा पाहून, पूर्वमंजुरी घेऊन, रुग्णालयाकडून हत्यारांच्या खर्चासह लेखी अंदाज मागावा. सर्जनना विचारायचे प्रश्नही मोजके आहेत : गाठ गुदद्वारापासून किती वर आहे, एमआरआयमध्ये ती पापुद्र्यापासून किती दूर दिसते, तुम्ही वर्षाला मलाशयाच्या किती शस्त्रक्रिया करता, त्यांतल्या रोबोटने किती, आणि माझ्या बाबतीत दुर्बीण किंवा उघडी शस्त्रक्रिया का नको. गाठ वरच्या आतड्यात असेल आणि सर्जन दुर्बिणीत निष्णात असतील तर रोबोट नाही म्हणून दुसरे गाव गाठण्याची गरज सहसा नसते. गाठ खाली असेल, श्रोणी अरुंद असेल, गुदद्वाराचे स्नायू वाचवण्याची आशा असेल, तर मलाशयाचे काम नेहमी होते अशा केंद्रात जाण्यासाठी केलेला प्रवास सार्थकी लागतो, मग तिथे शेवटी शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीने होवो.